पोच मिळाली, पत्र कुठे गेले?

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहून काढले. दस्तऐवजाचे नाव आरएफसी ८२१, नियमांचे नाव एसएमटीपी. त्यात पुढे पुष्कळ भर पडली, पण मूळची बोली बदलली नाही. पाठवणारा सर्व्हर आधी नमस्कार करतो, मग पत्र कोणाकडून आणि कोणाला ते सांगतो, शेवटी मजकूर हवाली करतो. घेणारा प्रत्येक वाक्याला तीन अंकी उत्तर देतो. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. पाचने सुरू होणारा म्हणजे घेणार नाही. सगळे ठीक असेल तर २५०.

या २५० ला वजन होते. मजकूर संपल्यावर ते उत्तर दिले की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने तर स्पष्टच बजावले, की एकदा हो म्हटल्यावर यंत्र बंद पडले किंवा डिस्कवर जागा उरली नाही असल्या किरकोळ कारणांनी पत्र हरवता कामा नये. पोहोचवा, नाहीतर कारण लिहून परत करा. तहसील कचेरीत अर्ज देऊन आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का मारून घेणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शिक्का पडला की अर्ज हरवला तरी ती त्यांची भानगड.

मेल सर्व्हरचा इतिहास बहुधा स्पॅम आणि फिल्टर यांच्या लढाईच्या रूपात सांगितला जातो. ती लढाई खरीच आहे. पण सर्व्हर चालवणाऱ्याच्या खुर्चीवरून पाहिले तर त्याहून मोठा बदल या शिक्क्यात झाला आहे. आज २५० मिळते आणि पत्र सापडत नाही.

सुरुवातीच्या काळातल्या अडचणी वेगळ्या होत्या. बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी आधी डिलिव्हरमेल आणि मग सेंडमेल लिहिले ते स्पॅम थोपवायला नव्हे, तर एकमेकांची भाषा न कळणारी जाळी जोडायला. अर्पानेटचा पत्ता एका धाटणीचा, यूयूसीपीचा दुसऱ्या. यूयूसीपीत तर पत्र कोणकोणत्या यंत्रांतून जायचे तो सगळा रस्ता उद्गारचिन्हे घालून पाठवणाऱ्यालाच लिहावा लागे. या पत्त्यांची मोडतोड करून पुन्हा जुळणी करणारे नियम सेंडमेलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असत. डॉलर, कंस आणि टॅब यांनी भरलेली ती फाइल पाहून भल्याभल्यांना घाम फुटे. तिच्यावरचे वटवाघळाच्या मुखपृष्ठाचे पुस्तक पुढच्या आवृत्त्यांत हजार पानांच्या पुढे गेले. एवढे जाड पुस्तक ज्या प्रोग्रॅमला लागते, त्याच्या रचनेतच काहीतरी चुकले आहे असे म्हणायला जागा आहे. नव्वदच्या दशकात क्यूमेल, एक्झिम आणि वीत्से व्हेनेमा यांचे पोस्टफिक्स आले ते काही अंशी म्हणूनच.

तरीही त्या काळातला बिघाड शोधता येत असे. ट्रे हॅरिस यांनी सांगितलेला नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठातला किस्सा या क्षेत्रात पुराणकथेसारखा सांगितला जातो. संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख त्यांना म्हणाले, आमचे ईमेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाही. संख्याशास्त्रज्ञच ते, तक्रार करण्याआधी त्यांनी पुरेशी आकडेवारी जमवली होती. हॅरिस यांना आधी हे हास्यास्पद वाटले, पण करून पाहिले तर न्यूयॉर्कला पत्र जात होते, प्रॉव्हिडन्सला जात नव्हते. कारण असे निघाले: कोणीतरी ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करताना सेंडमेलची आठवी आवृत्ती जाऊन जुनी पाचवी बसली होती. नव्या फाइलमधली लांब नावांची सेटिंग्ज जुन्या प्रोग्रॅमला कळेनात, म्हणून त्याने ती सोडून दिली आणि जोडणीसाठी वाट पाहण्याची मुदत शून्य धरली. प्रत्यक्षात त्या यंत्रावर शून्य म्हणजे तीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ५५८ मैल जातो. उत्तर यायलाही तेवढाच वेळ लागायला हवा, ही शंका जाणकार अजून काढतात, आणि किस्सा सांगताना काही बारकावे गाळल्याचे हॅरिस यांनीही मान्य केले आहे. महत्त्वाचे हे, की कोडे कितीही विचित्र असले तरी त्याचे सगळे तुकडे प्रशासकाच्या हाताशी होते. स्वतःची फाइल, स्वतःचा सर्व्हर आणि समोरून मिळणारे किंवा न मिळणारे उत्तर.

भारतातला आरंभही असाच स्वतःच्या हातांनी झाला. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट प्रकल्प उभा राहिला. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत एस. रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटीशी टेलिफोनच्या डायल-अप जोडणीवरून मेलची देवाणघेवाण सुरू केली. बाहेरच्या जगाचे दारही एनसीएसटीतच होते. डॉट इन या नावांचा कारभार अनेक वर्षे याच संस्थेकडे होता. सामान्य ग्राहकाला व्हीएसएनएलचे इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे त्याआधी जवळजवळ दशकभर या देशातले ईमेल शिक्षण आणि संशोधन संस्थांतले लोक स्वतः कॉन्फिगर करत होते, स्वतः दुरुस्त करत होते.

हे सगळे ज्या पायावर उभे होते तो पाया विश्वासाचा. पोस्टेल यांच्या नियमांत पाठवणारा खरेच तोच आहे का, हे तपासायची सोय नव्हती. शेजाऱ्याचे पत्र पुढे ढकलणे हा शिष्टाचार होता. कोणाचेही पत्र कोणालाही पोहोचवणारा सर्व्हर चांगला मानला जाई. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या एका विक्रेत्याने अर्पानेटवरच्या शेकडो जणांना जाहिरात पाठवली तेव्हा बोलणी खाऊन प्रकरण मिटले. नव्वदच्या दशकात ते मिटेना. फुकट पत्रे वाहणारी हीच यंत्रे जाहिरातबाजांनी हेरली. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांची स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांची काळी यादी आली आणि १९९८ च्या सेंडमेल ८.९ मध्ये परक्याची पत्रे पुढे पाठवणे मुळातच बंद ठेवले गेले. एका डीफॉल्टने सोळा वर्षांचा शिष्टाचार गुंडाळला. दुसरा इलाजही नव्हता.

मग थरांवर थर चढले. कोणत्या यंत्रांना आपल्या नावाने पत्र पाठवायची मुभा आहे ते डीएनएस या इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत जाहीर करणारे एसपीएफ, मजकुरावर सही करणारे डीकेआयएम, आणि दोन्ही फसली तर काय करायचे ते सांगणारे डीमार्क. प्रत्येक थराने एक भोक बुजवले आणि एखादे नवे पाडले. एसपीएफ तपासताना डीएनएसची दहाहून जास्त विचारणा करायची नाही असा नियम आहे. प्रवेशासाठी एक सेवा, पगारासाठी दुसरी, निकालाच्या सूचनांसाठी तिसरी घेणारी संस्था ही मर्यादा नकळत ओलांडते आणि तिची अस्सल पत्रेही संशयित ठरतात. पत्र दुसऱ्या पत्त्यावर आपोआप वळवले की एसपीएफ मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचे कडक धोरण लावले तेव्हा जगभरातल्या मेलिंग लिस्ट एका फटक्यात कोलमडल्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला हे तिन्ही थर सक्तीचे आहेत, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवावे लागते.

या अटींबद्दल तक्रार नाही. त्या लिहिलेल्या आहेत, म्हणून पाळता येतात. तक्रार आहे ती न लिहिलेल्या भागाबद्दल. एखाद्या लहान प्रकाशनाचा किंवा महाविद्यालयाचा सर्व्हर तिन्ही परीक्षा उत्तीर्ण होतो, उलट डीएनएस बरोबर असतो, कोणत्याही काळ्या यादीत नाव नसते. लॉगमध्ये स्वच्छ २५०. वाचणाऱ्याकडे मात्र पत्र स्पॅमच्या कप्प्यात, किंवा कुठेच नाही. प्रशासकाने शोधायचे कुठे? बिघाड त्याच्या यंत्रात नाही. तो समोरच्याच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब त्याला दाखवला जात नाही. शेवटी संस्था कंटाळून एखाद्या मोठ्या कंपनीकडे मेल सोपवते, आणि असे नकार देणारेही बहुधा त्याच मोठ्या कंपन्यांतले असतात. कारस्थान नसेल, परिणाम तोच.

मोठ्या कंपन्यांची बाजू पोकळ नाही. कारण सांगितले तर स्पॅमवाला शहाणा होतो. आणि आधी पत्र घेऊन मग परत केले, तर ते खोट्या पाठवणाऱ्याच्या नावे, म्हणजे तिसऱ्याच निरपराध माणसाच्या दारात पडते. हा उपद्रव अनेकांनी भोगला आहे. म्हणूनच २००८ च्या आरएफसी ५३२१ ने पत्र गुपचूप टाकून द्यायची वाट ठेवली, पण फक्त पत्र घोर फसवणुकीचे किंवा अन्यथा अयोग्य असल्याची जवळजवळ खात्री असेल तेव्हा. नियमातला अपवाद आज कित्येक ठिकाणी रिवाज झाला आहे. नको असलेले पत्र दारातच नाकारायला कोणाची आडकाठी नाही. जोडणी चालू असताना पाचने सुरू होणारे उत्तर दिले तर घेणाऱ्याला परतीचे पत्र लिहावे लागत नाही आणि प्रशासकाला निदान कळते. इतक्या मोठ्या प्रमाणावर लोकांचे टपाल हाताळणाऱ्यांना ते सक्तीचे करायला हवे, आणि दाद मागायला माणूस बसलेली खिडकी हवी. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनीही आपला एक तरी सर्व्हर स्वतः चालवावा. दुरुस्तीची विद्या कंत्राटात मिळत नाही.

स्पष्ट नकाराचा उपयोग आपल्याला एका ठिकाणी रोज दिसू शकतो. पूर्ण देवनागरी ईमेल पत्त्यांचे नियम २०१२ मध्ये ठरले, डॉट भारत २०१४ मध्ये आले, पोस्टफिक्सने २०१५ मध्ये हे पत्ते स्वीकारले. तरी वाटेतल्या एखाद्या जुन्या सर्व्हरला ते कळत नाहीत, आणि पत्र ५.६.७ हा आकडा घेऊन परत येते: लॅटिनेतर पत्ता चालत नाही. चीड येते खरी. पण कोणत्या यंत्राने अडवले ते त्या परतपत्रात लिहिलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला फोन करायचा हे प्रशासकाला माहीत असते.