शाळेचे बांधकाम गावाच्या डोळ्यांदेखत व्हावे




किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. नेपाळचा 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी झाला. दोन्ही वेळी शाळा पडल्या, पण वर्गात मुले नव्हती. 8 ऑक्टोबर 2005 रोजी पाकिस्तानच्या बाजूच्या मुझफ्फराबाद-बालाकोट पट्ट्यात भूकंप झाला, तेव्हा मात्र सकाळची शाळा भरली होती. हजारो मुले वर्गातच गाडली गेली. आपल्याकडे एवढे मोठे काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो : 1993 पर्यंत किल्लारी भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

शाळेचे बांधकाम हे तज्ज्ञांचे काम, त्यात गावाने लुडबुडू नये, असे सांगितले जाते. आराखडा अभियंत्यानेच करावा, यात वाद नाही. पण कॉलमच्या उभ्या सळयांभोवती रिंगा बांधतात तेव्हा अभियंता साइटवर असतोच असे नाही. रिंगेची टोके आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची असतात. काटकोनात वळवून सोडली, तर जोराच्या हादऱ्यात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. काँक्रीट ओतल्यावर हे कोणाला दिसणार? स्लॅबवर पाणी मारणारा माणूस सणाला गावी गेला, तर स्लॅब तसाच कोरडा तापतो. शाळेशेजारच्या बाईला मात्र सगळे दिसत असते. काय पाहायचे, ते तिला कोणी दाखवलेले नसते.

गावाला असे सोबत घेण्याचे काम आपल्याच मुलखात करून झाले आहे. किल्लारीनंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’, म्हणजे गाव आणि प्रशासन यांच्यातला दुवा, म्हणून उभ्या राहिल्या. दगडमातीच्या भिंतीच्या दोन थरांना बांधणारा आरपार दगड नसला आणि वर माळवदाचे ओझे असले की काय होते, हे भूकंपात पाहिलेल्या या गावांना कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. नेपाळात नांगखेल गावची शाळा मजबूत करताना तिथल्याच गवंड्यांना तयार केले. पुढे गावातली घरेही त्या पद्धतीने बांधली जाऊ लागली. ठेकेदाराची बाहेरची टोळी मात्र शिकलेले सोबत घेऊन निघून जाते.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. बांधकाम निघाले की त्यांच्याकडून वर्गणी, श्रमदान आणि उद्घाटनाचा मंडप अपेक्षित असतो. नकाशा कोणी दाखवत नाही. मात्र समितीची सही घेऊन उद्या भिंत खचल्यावर बिल अध्यक्षावर फाडायचे, हा सहभागही नको. जबाबदारी अभियंता आणि ठेकेदाराचीच राहावी.

जिल्हा परिषदेने नकाशा व अंदाजपत्रक मराठीत शाळेच्या भिंतीवर लावावे. पाया, रिंगा आणि स्लॅबची सळई झाकण्याआधी समितीला बोलवावे, फोटो काढू द्यावेत. समितीने हरकत घेतली, तर तिचे लेखी उत्तर मिळेपर्यंत ठेकेदाराचा पुढचा हप्ता थांबवावा.

– एक वाचक, औसा (जि. लातूर)