ब्राऊझर अनेक, इंजिन एकच!

अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालामुळे 'क्रोम' हा ब्राऊझर गुगलकडेच राहिला. गुगलला क्रोम विकायला लावावे, ही अमेरिकी न्याय खात्याची मागणी त्यांनी फेटाळली. मात्र केवळ आपलेच सर्च इंजिन ठेवण्याची सक्ती करणाऱ्या करारांना मनाई केली. या निकालाची चर्चा मुख्यत्वे बाजारपेठेच्या अंगाने झाली. परंतु ब्राऊझरमधूनच बँकेचे व्यवहार करणाऱ्या सामान्य माणसापुढचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

मक्तेदारी आणि सुरक्षितता यांचे नाते जुने आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत 'इंटरनेट एक्स्प्लोरर' फुकट देऊन नेटस्केपला नामोहरम केले. त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला. कंपनीच्या विभाजनाचा आदेश २००० मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी अपिलात रद्दही झाला. तोवर स्पर्धा संपली होती. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली. सातवीला २००६ उजाडले. शर्यतीत दुसरा कोणी उरलाच नाही, तर धावण्याची घाई कोणाला असणार?

या निवांतपणाची किंमत ग्राहकांनी मोजली. जून २००४ मध्ये एक्स्प्लोररमधील त्रुटींचा फायदा घेऊन हॅकरांनी विश्वासार्ह वेबसाइटमार्फत लोकांच्या संगणकांत घातक प्रोग्रॅम घुसवले. तेव्हा दुसरा ब्राऊझर वापरण्याचा पर्याय अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेनेच सुचवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'फायरफॉक्स' आला आणि २००८ मध्ये क्रोम. प्रत्येक वेबपानाला संगणकाच्या इतर भागांपासून अलग ठेवणे, नवी आवृत्ती आपोआप बसवणे या गोष्टी क्रोमने रुळवल्या आणि इतरांना त्याच वाटेने जावे लागले. थोडक्यात, स्पर्धेनेच सुरक्षितता वाढवली.

आज वरवर पाहता पर्यायांची रेलचेल आहे. प्रत्यक्षात ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून गुगलचे 'क्रोमियम' स्वीकारले. मायक्रोसॉफ्टच्या 'एज'नेही २०२० मध्ये तोच मार्ग धरला. 'ब्रेव्ह'ही त्याच पायावर उभा आहे. म्हणजे पाट्या निराळ्या, माल एकच.

याचा लाभही आहे. एकाच कोडवर अनेक कंपन्यांचे तज्ज्ञ नजर ठेवतात आणि त्रुटी लवकर बुजवल्या जातात. परंतु एकाच वाणाची कपाशी शिवारभर लावली, तर तिला लागलेली कीड कोणाचेच शेत सोडत नाही. क्रोमियममधील त्रुटी ही या सर्वच ब्राऊझरची त्रुटी ठरते. शिवाय हे कोड खुले असल्याने क्रोमियममधील दुरुस्ती जगजाहीर होते. इतर ब्राऊझरपर्यंत ती पोहोचण्यास उशीर झाला, तर मधल्या काळात हल्लेखोरांना त्या दुरुस्तीवरूनच त्रुटीचा माग काढता येतो.

मोठ्या ब्राऊझरांपैकी वेगळे इंजिन आहे ते ॲपलच्या 'सफारी'चे आणि फायरफॉक्सचे. त्यातही फायरफॉक्स बनवणाऱ्या 'मोझिला'चे बहुतांश उत्पन्न येते गुगलकडून, सर्च इंजिनाच्या मोबदल्यात! मेहता यांनी असे पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही, म्हणून मोझिलाचा जीव भांड्यात पडला. मक्तेदाराचा प्रतिस्पर्धी मक्तेदाराच्याच पैशावर तगून आहे. ही स्पर्धा किती खरी मानायची?

न्यायालये करारांना वेसण घालू शकतात, पर्यायी इंजिन उभे करू शकत नाहीत. ते लिहिणे खर्चाचे आणि वर्षानुवर्षांचे काम आहे. तोवर जबाबदारीचा एक वाटा वापरणाऱ्यावरच राहतो. केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही यंत्रणा क्रोममधील त्रुटींबाबत वेळोवेळी इशारे देते, पण ब्राऊझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवी आवृत्ती लागू होत नाही. 'अपडेट'ची सूचना दिवसचे दिवस टाळणे म्हणजे उत्तम कुलूप आणून दार उघडेच ठेवणे होय.