बंद काचा, चालू इंजिन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडला तेव्हा एक टॅक्सीचालक बाकावर डोके धरून बसला होता. वय पस्तिशीच्या आतबाहेर. मूळचा पाटण तालुक्यातला, आता कोपरखैरण्याला बायकोमुलांसह राहणारा. महापेच्या एका कंपनीतील रात्रपाळीच्या लोकांना घरी सोडण्याचे आणि आणण्याचे त्याचे काम. डोके ठणकत होते, मळमळत होते, वाटेत एकदा उलटी झाली होती. रक्तदाब ठीक, ताप नाही. रात्रीचे जागरण, वेळी-अवेळी वडापाव आणि चहा, हे ऐकल्यावर मी फार विचार न करता पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या.

चार दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी बायकोला घेऊन. ती म्हणाली, "डॉक्टर, सुट्टीच्या दिवशी ह्यांना काही होत नाही. ड्यूटीवरून आले की डोकं धरून बसतात. पित्त काय सुट्टी बघून येतं का?"

हा प्रश्न खरे तर मला पडायला हवा होता. मग मी विचारले की रात्री मधल्या वेळात तुम्ही कुठे असता? तो म्हणाला, "गाडीतच झोपतो साहेब. एक वाजता लोकांना सोडायचं, पाचला पुन्हा घ्यायचं. घरी जाऊन यायला परवडत नाही. काच उघडी ठेवली तर डास फोडून काढतात, पाऊस आत येतो. म्हणून काचा लावून एसी चालू ठेवतो."

मी त्याला औषध दिले नाही. गाडी गॅरेजला दाखवा आणि इंजिन चालू ठेवून आत झोपणे आजपासून बंद करा, एवढेच सांगितले. मिस्त्रीने गाडी वर उचलली तेव्हा सायलेन्सरच्या नळीचा जोड फाटलेला निघाला. जोड बदलला, गाडीतले झोपणे थांबले आणि डोकेदुखीही थांबली. रक्ताची वेळेवर तपासणी झाली नव्हती, त्यामुळे सर्व काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला त्यात शंका वाटत नाही.

वाचकहो, या डोकेदुखीमागे जो वायू असतो त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. इंधन अर्धवट जळाले की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबीन प्राणवायू वाहून नेते. या वायूची हिमोग्लोबीनशी जवळीक प्राणवायूपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक. एकदा तो चिकटला की प्राणवायूला जागाच उरत नाही. सुरुवातीला डोके जड होते, मळमळते, गरगरते. जागा माणूस निदान बाहेर येऊन उभा राहील. झोपलेल्याला ही लक्षणे कळतच नाहीत. झोप गाढ होत जाते आणि तिचे बेशुद्धीत रूपांतर होते. म्हणूनच अशा मृत्यूंच्या बातम्यांत माणूस झोपल्यासारखा दिसत होता, असे वाक्य हमखास असते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एसीतून विषारी वायू येतो, असे लोक म्हणतात. एसी वायू बनवत नाही, तो फक्त हवा थंड करतो. वायू येतो इंजिनातून, आणि एसी चालवायला इंजिन चालू ठेवावे लागते, हे खरे दुखणे. गाडी धावत असताना सायलेन्सरचा धूर मागे राहतो. उभ्या गाडीचा धूर गाडीखाली साचतो आणि तळाच्या फटींतून, डिकीच्या सैल रबरातून किंवा ब्लोअरच्या हवा घेणाऱ्या तोंडातून आत येऊ शकतो. गाडी भिंतीला टेकून, तळघरात किंवा बंद गॅरेजात उभी असेल तर धोका कितीतरी वाढतो. बंद गॅरेजात तर सायलेन्सर धड असूनही जीव जाऊ शकतो.

"आमची गाडी सीएनजीची, तिला धूरच नाही," असेही मला ऐकवले जाते. दिसणारा धूर नाही हे खरे, पण न दिसणारा वायू सीएनजीच्या इंजिनातूनही निघतो. डिझेलमधून तो पेट्रोलपेक्षा कमी निघतो, पण निघतोच. चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना जी उत्प्रेरक नळी बसू लागली, तिने हे प्रमाण खूप घटवले. मात्र ती नळी तापल्यावरच नीट काम करते, आणि तिच्या आधीचा जोड फाटलेला असेल तर वायू तिच्यापर्यंत पोचतच नाही. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीत हा धोका नाही, एवढे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे.

सायलेन्सरचे तोंड बंद झाले तर काय होते, हे जगाने जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी पाहिले. पर्यटकांच्या मोटारी बर्फात रुतल्या, लोक आत बसून राहिले आणि २२ जण दगावले. त्यातील काही थंडीने गेले, तर काही हीटरसाठी चालू ठेवलेल्या इंजिनाच्या वायूने. मोटारीचा हीटर हा साधारणपणे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, तो स्वतः काही जाळत नाही. पण मागची नळी बर्फाखाली गेली की वायू जाणार कुठे?

आपल्याकडे बर्फ नाही, पाणी आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत पाण्याने वेढलेल्या मोटारींत बसून राहिलेल्या काही जणांचे प्राण गुदमरून गेले. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसातही शीव येथे पाण्यात अडकलेल्या मोटारीत एक तरुण वकील मृतावस्थेत सापडला होता. मोटार म्हणजे सुरक्षित खोली असे आपल्याला वाटते, आणि बाहेर पाऊस कोसळत असला की ते अधिकच वाटते. पाणी चाकाच्या निम्म्यावर आले आणि गाडी हलत नसेल तर काच खाली करून, इंजिन बंद करून, उतरून चालू लागावे. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे पाण्यात कधी दगा देतील याचा नेम नाही. गाडीचा विमा उतरवलेला असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. एसीसाठी जनरेटर लावून ते आत झोपले होते, आणि जनरेटरचा वायू गाडीत शिरला, असे तपासणीत दिसून आले. ते पर्यटक नव्हते, कामावरची माणसे होती. हेच मला पुढे मांडायचे आहे.

नवी मुंबईत रात्री एक-दोनच्या सुमारास कधी फेरी मारून पाहा. महापे, ऐरोलीच्या कंपन्यांबाहेर टॅक्सींची रांग, वाशीच्या बाजार समितीबाहेर ट्रक, कळंबोलीच्या लोखंड बाजारापाशी ट्रेलर, आणि न्हावाशेवा बंदराच्या वाटेवर कंटेनरच्या रांगाच रांगा. या प्रत्येक वाहनात एक माणूस झोपलेला असतो. तो पेणचा, खोपोलीचा, कर्जतचा, नाहीतर थेट उत्तर प्रदेशातला असतो. रांगेत उभ्या ट्रकला स्वतःच्याच नव्हे, शेजाऱ्याच्या धुराचाही त्रास. त्यात पावसाळ्यात केबिन बंद करून आतच स्टोव्हवर भात शिजवणारे चालक मी पाहिले आहेत. स्टोव्ह विझवला तरी बंद केबिनमधली हवा आपोआप बदलत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला एसी बसवणे केंद्र सरकारने सक्तीचे केले. या नियमाचे मी मनापासून स्वागत करतो. ४० अंशांच्या उन्हात इंजिनाशेजारी बसून दहा-बारा तास गाडी हाकणाऱ्या माणसाला आपण इतकी वर्षे गृहीत धरले होते. उष्णतेने थकलेला चालक हा रस्त्यावरच्या सर्वांनाच धोका. पण हा एसी गाडी चालवण्यासाठी आहे. केबिनला एसी आला म्हणजे चालकाच्या झोपण्याची सोय झाली, असा हिशेब मालक, कंपन्या आणि बंदरातले लोक करतील अशी मला भीती वाटते. १९६१ साली आपल्या देशात मोटार परिवहन कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात रात्री मुक्काम करावा लागणाऱ्या कामगारांसाठी विश्रांतीगृहाची तरतूद होती. म्हणजे ही गोष्ट कोणाला सुचली नव्हती असे नाही. कंपनीच्या आवारात मोटारींसाठी छप्पर असते, झाडांना पाणी घालायला माणूस असतो, आणि त्या मोटारी चालवणाऱ्या दहा-वीस माणसांना तीन तास पाठ टेकायला एक खोली आणि दोन पंखे नसतात. चालकाला "एसी लावून झोपू नको" असे सांगणे डॉक्टरला सोपे आहे. मग त्याने झोपायचे कुठे, याचे उत्तर ज्यांच्यासाठी तो थांबला आहे त्यांनी दिले पाहिजे. तुमच्या सोसायटीत, तुमच्या कार्यालयात, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या हॉलवर हा प्रश्न विचारून पाहा. लग्नात पाहुण्यांचे चालक हॉलबाहेर रात्रभर गाडीतच असतात.

घरच्या मोटारीविषयी थोडे. उन्हात उभी असलेली बंद मोटार दहा मिनिटांत आतून साधारण १० अंशांनी तापते आणि पुढेही तापतच राहते. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगाने तापते. मुंबईत अँटॉप हिल येथे एप्रिल २०२४ मध्ये खेळता खेळता एका पडीक मोटारीत शिरलेली दोन भावंडे आत गुदमरून गेली. तेव्हा "दोनच मिनिटांत येते" म्हणून मुलाला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका, एसी चालू ठेवूनही नको. आणि सोसायटीत धूळ खात पडलेल्या मोटारी कुलूपबंद आहेत ना, तेही पाहा.

तापलेल्या गाडीत बसताना आधी सर्व दारे उघडून एक-दोन मिनिटे गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. डॅशबोर्डमधून बेन्झिन निघून कर्करोग होतो, असा एक संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. मला तो दर उन्हाळ्यात कोणीतरी दाखवतेच. त्यातील कर्करोगाची भीती सोडून द्या, काचा उघडण्याचा सल्ला तेवढा घ्या.

आतलीच हवा आत फिरवणारे जे बटण असते, मोटारीच्या चित्रात वळलेला बाण असलेले, ते बोगद्यात किंवा धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे जरूर दाबावे. शीव-पनवेल मार्गावर त्याचा उपयोगच आहे. पण मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ते बंद करून बाहेरची हवा घ्यावी. चार-पाच माणसे बसलेल्या गाडीत तीच हवा तासभर फिरत राहिली की श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, जांभया येतात, आणि पहिली डुलकी लागते ती चालकाला. तापमान २४ ते २६ पुरे. दमेकऱ्यांनी एसीचा फिल्टर वेळच्या वेळी बदलून घ्यावा. गाडी सुरू करताच ओल्या गोणपाटासारखा वास आला तर आत बुरशी धरली आहे असे समजावे.

आता कोणी बंद मोटारीत बेशुद्ध आढळले तर काय करावे? दारे उघडा, जमले नाही तर काच फोडा, इंजिन बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्यास सुरुवात करा. रुग्णालयात पोचल्यावर तो चालू इंजिनाच्या गाडीत होता, हे आवर्जून सांगा. कारण कोरोनाच्या वेळी घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र इथे फसवते. त्याला प्राणवायू धरलेले आणि हा वायू धरलेले हिमोग्लोबीन यांतला फरक कळत नाही, ते खुशाल ९८ दाखवते. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तासा-दीड तासात होते. बरे वाटू लागले म्हणून घरी आणून झोपवू नका.

माझा टॅक्सीचालक मागच्या महिन्यात आईला रक्तदाबासाठी घेऊन आला होता. महापेच्या कंपनीने रात्री एक ते पाच या वेळात चालकांना कँटीनच्या बाकांवर झोपू द्यायला सुरुवात केली आहे म्हणे. पंखा एकच आहे आणि डास तिथेही आहेत. मी त्याला घडीची मच्छरदाणी घ्यायला सांगितली आहे.