बाळाचा रिपोर्ट कोणत्या गेजवर?

दिघीतून सकाळच्या शिफ्टला भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणला जाणाऱ्या कामगाराला गेजचे महत्त्व सांगावे लागत नाही. मायक्रोमीटर आधी स्लिप गेजवर तपासायचा, मगच जॉब मोजायचा. त्याच कामगाराच्या नवजात बाळाचे रक्त तपासले जाते, तेव्हा मात्र ते कशाच्या आधारे मोजले, हे कोणी विचारत नाही.

जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेतात. टँडम मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्यातली कार्निटीनला जोडलेली मेदाम्ले मोजते. ‘एमकॅड’ या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर मध्यम लांबीची मेदाम्ले नीट जळत नाहीत आणि रक्तात आठ कार्बनच्या मेदाम्लाचे प्रमाण वाढते. असे बाळ दिसायला ठणठणीत असते. पण तापात किंवा उलट्यांमध्ये ते काही तास उपाशी राहिले, की रक्तातली साखर कोसळते. मग बेशुद्धी, कधी मृत्यूही. उपाय काय, तर बाळाला फार वेळ उपाशी ठेवायचे नाही आणि आजारपणात वेळेवर ग्लुकोज द्यायचे. इतका साधा उपाय एका आकड्यावर अडलेला असतो.

तो आकडा यंत्र आपोआप देत नाही. रक्तातले क्षार यंत्राला मिळणारा संकेत दाबतात, तेही प्रत्येक नमुन्यात कमी-जास्त. म्हणून पेपरचा 3 मिलिमीटरचा तुकडा ज्या द्रावणात भिजवतात, त्यात त्याच पदार्थाचे खूण केलेले रूप मोजून घातलेले असते. त्यात 3 हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असते. वागणूक जवळपास तीच, वजन तेवढे 3 एककांनी जास्त. संकेत दबला तर दोघांचाही दबतो, गुणोत्तर टिकते. (ड्युटेरियम किरणोत्सर्गी नाही आणि ते बाळाच्या अंगात जात नाही. पालकांनी घाबरू नये.) थेंबच अर्धवट पडला असेल, तर मात्र हे मानकही काही करू शकत नाही. तिथे वॉर्डातल्या सिस्टरचा हातच महत्त्वाचा.

ही मानके महाग असतात. प्रत्येक पदार्थासाठी स्वतंत्र मानक नसते, काही आकडे जवळच्या मानकावरून काढले जातात. त्यात गैर नाही, पण तो आकडा अंदाजाचा आहे, हे रिपोर्टवर लिहिलेच पाहिजे. महापालिकेने किंवा राज्य सरकारने अशा तपासणीची निविदा काढताना नुसता दर पाहू नये. कोणता पदार्थ त्याच्या स्वतःच्या मानकावर मोजणार, ही अट घालावी. ड्युटेरियम ज्यातून मिळते ते जड पाणी आपल्याच रायगड जिल्ह्यात, थळला तयार होते. ही मानके इथेच बनवून सरकारी प्रयोगशाळांना स्वस्तात देता येतील का, हेही त्याबरोबर तपासावे.