औषध संपले, आता काम कोणते?

एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. नाव-गाव अर्थातच छापत नाही. ते लिहितात, "धाकट्या भावाला कुष्ठरोग झाला होता. सरकारी दवाखान्याची बारा महिन्यांची औषधे पूर्ण झाली. डॉक्टर म्हणतात, बरा झाला. पण उजव्या हाताची करंगळी व शेजारचे बोट वाकले आहे, त्या बाजूच्या तळहाताला काही लागलेले कळत नाही. वय अठ्ठावीस. मजुरीला कोणी बोलावत नाही. घरी बसून खा म्हटले, तर चिडतो. त्याला कोणते काम द्यावे?"

बंधू, त्याचे चिडणे योग्यच आहे. धडधाकट मनाच्या तरुणाला बसून खाणे गोड लागत नाही.

आधी घरातल्या सर्वांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. १९८२ पासून या रोगावर अनेक औषधांचा एकत्र उपचार मिळू लागला. तो सुरू झाला की थोड्याच दिवसांत रोग्यापासून लागण होण्याची भीती उरत नाही. तुमच्या भावाचा तर उपचारही पुरा झाला. वाकलेली बोटे ही मज्जातंतूंना झालेल्या जुन्या इजेची खूण आहे. त्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवला असेल, तर आजच एक करा. घरच दूर बसवू लागले, तर गाव जवळ कसे घेईल?

आता कामाचे. जमिनीचा पोत पाहून आपण पीक घेतो, तसेच काम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, हाताला काय कळते? दुखणे हा शरीराचा राखणदार आहे. बधिर हाताला तो नाही. फोड येतो, फुटतो, जखम हाडापर्यंत जाते, तरी कळत नाही. म्हणून चूल, गुऱ्हाळाची कढई, तापलेले लोखंड यांजवळचे काम नको. कुदळ-खुरप्याचे काम तासन्तास नको, अधूनमधून पालटावे. दांडे जाड व गुळगुळीत करून त्यांवर कापड किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. रोज सायंकाळी हात पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवून तेल लावावे आणि नीट न्याहाळावेत. लाल डाग दिसला, की त्या दिवसाचे कोणते अवजार बाधले हे शोधून ते बदलावे. पायही बधिर असतील तर मऊ रबराच्या चपला घातल्याशिवाय शेतात पाऊल टाकू नये. डोळा पुरता मिटत नसेल तर मळणी-उफणणीच्या धुळीपासून दूर राहावे.

दुसरी, गिऱ्हाईक कोण? चहा किंवा दूध गावातच विकू म्हटले, तर लोकांची भीती आडवी येईल. रोपवाटिका पाहा. पिशव्यांत ओली माती भरणे, रोपे लावणे, पाणी देणे यांत भाजण्या-कापण्याचे भय कमी. शेळ्या पाळता येतील, गांडूळखत करता येईल. लोकांच्या भीतीपुढे कायमची मान तुकवा, असे मी म्हणत नाही. चार पैसे हाती येईपर्यंतची ही वाट आहे. त्याची रोपे जगलेली दिसली, की लोकच चौकशीला येतील.

तिसरी, त्याला स्वतःला काय हवे? हे तुमच्या पत्रात कोठेच नाही! आजारापूर्वी तो काय करी, कशात त्याचा हात बसला होता, हे त्यालाच विचारा. आणि घरचे काम केले तरी त्याचा मोबदला त्याच्या हातात द्या.

असे हात काय करू शकतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, तर १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात काम सुरू केले. आनंदवनात या मंडळींनी पडीक जमिनीत विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. तेव्हा गावाने घालवले म्हणून वेगळी वसाहत करावी लागली. आज बरा झालेला माणूस आपल्याच घरी राहून कमावू शकतो.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचा समावेश आहे. अपंगत्व किमान ४० टक्के ठरले, तर सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. दिव्यांगांना व्यवसायाचे मार्गदर्शन करणारे केंद्र सरकारचे केंद्र मुंबईत १९६८ पासून आहे. धंद्याच्या कर्जाची चौकशी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे करावी.

या आठवड्यात एवढे करा. दवाखान्यातून उपचार पूर्ण झाल्याचा कागद घ्या, मजुरीला नेणाऱ्यास तो दाखवता येतो. वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया होईल का, हे तेथेच विचारा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरा. नवा फोड, नवी बधिरता किंवा नस दुखणे आढळले, तर बाजाराचा दिवस असला तरी आधी दवाखाना गाठा. आणि भावाच्या मनातले काम कोणते, ते आम्हांला कळवा. पुढचा सल्ला त्यावरून देऊ.