आमोण्याचे कपाट

लाईट गेली की आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन भाषांत दोन वेगळी वाक्ये उठतात. मराठीत आपण ‘लाईट गेली’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘करेंट होय्तु’. आमच्या घरी आई कन्नड आणि वडील मराठी, त्यामुळे लहानपणी दोन्ही ओरडी एकदमच ऐकू यायची. मराठी माणसाच्या लेखी दिवा गेला, कन्नड माणसाच्या लेखी प्रवाह गेला. यातले कोणते जास्त खरे, याचा मी कधी विचार केला नव्हता. गेल्या जूनमध्ये अक्काच्या घरी तो करावा लागला.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आमोण्यात दिली आहे. बेळगावहून निघून चोर्ला घाट उतरला की साखळी, आणि तिथून आमोणे काही लांब नाही. मांडवीच्या काठचे गाव. पूल ओलांडला की पलीकडे खांडोळा. गावात वेताळाचे जुने देवस्थान आहे आणि कच्च्या लोखंडाचा मोठा कारखानाही. त्या कारखान्यात कोक भट्ट्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज तयार करतात. एवढी वीज ज्या गावात जन्माला येते, तिथे अक्काच्या घरी पावसाळ्यात एक माड तारेवर कलला की चार तास अंधार, ही गोष्ट भावोजी दर वर्षी नव्याने सांगायचे आणि आम्ही दर वर्षी नव्याने हसायचो.

भावोजी आता नाहीत. मी जूनमध्ये गेलो होतो तो त्यांच्या वर्षश्राद्धाला.

भावोजींचा गळा चांगला होता. व्यवसाय म्हणून कधी गायले नाहीत; पण गावातली भजने, जत्रेतली नाटके, कुणाच्या घरची बारशी-मुंजी, सगळीकडे त्यांचा आवाज असायचा. त्यांच्या कॅसेट्स होत्या, साठ-सत्तर तरी. कोकणच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी चढते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. भाच्याने वेळेवर त्या सगळ्या संगणकात उतरवून घेतल्या आणि मग कॅसेट्स टाकून दिल्या. तंत्रनिकेतनात शिकणारा मुलगा. त्याने जुन्या भांड्यांच्या कपाटाचा एक कप्पा मोकळा करून त्यात ‘सर्व्हर’ मांडला. शब्द मोठा आहे, ऐवज साधा. फायबरच्या वायरीचा डबा, राऊटर, पाच तोंडांचा स्विच, तळहाताएवढा एक संगणक, दोन हार्ड डिस्कचा साठवणीचा डबा आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. भावोजी घरातल्या कुठल्याही मोबाईलवर ऐकता यायचे.

कपाटाचा पुढचा भाग बघण्यासारखा होता. मागचा भाग मात्र कुणाला दाखवू नये असा. प्रत्येक डब्याचा स्वतःचा अडॅप्टर, कॅमेऱ्यांचे वेगळे, मिळून नऊ. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड, कारण एकेक ठोकळा शेजारची दोन भोके अडवून बसायचा. हात लावला तर ऊब लागायची. सगळे इन्व्हर्टरवर.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. साठवणीच्या डब्याचा दिवा काही लागेना. भाचा डिचोलीला सामान आणायला गेला होता. मी इतिहासाचा प्राध्यापक, म्हणजे कुठल्याही विषयावर मत असणारा माणूस. अडॅप्टर गेला असणार, असे माझे निदान. (निदान बरोबर होते, हे मुद्दाम नमूद करतो.) माझ्या लॅपटॉपचा अडॅप्टर शेजारीच पडलेला. पिन बसवून पाहिली, अगदी नेमकी बसली. बटण दाबले. ‘फट्’ असा बारीक आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला.

डब्याला हवे होते १२ व्होल्ट. लॅपटॉपचा अडॅप्टर देतो १९.

भाचा आला, वास घेतला, ठोकळा उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि काही बोलला नाही. तो ओरडला असता तर बरे झाले असते. अक्काने विचारले, “दोन डिस्क आहेत ना रे? एकात गेलं तर दुसऱ्यात असतं म्हणाला होतास.” तो म्हणाला, “आई, दोघींना वीज एकाच वायरीतून जाते.”

मंडळी, इथे जरा थांबतो, कारण या एका वाक्यात मी आजवर न शिकलेला धडा होता. एका डिस्कची नक्कल दुसरीत ठेवली की आपण सुरक्षित झालो, असे वाटते. एक डिस्क म्हातारी होऊन मेली तर ते खरेच. पण दोघींच्या तोंडात एकाच नळाचे पाणी पडत असेल, तर विष दोघींनाही एकदमच मिळते.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झाले. भावोजींचे भजन लावायचे ठरले होते, ते लागले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने डिस्कच्या पोटाखालची हिरवी पाटी उघडली आणि भिंगातून भाताच्या शितापेक्षा लहान असा एक काळा तुकडा दाखवला. जास्त व्होल्ट आले की हा तुकडा स्वतः आडवा पडतो, वीज आपल्यातूनच वळवतो आणि मरतो; पुढचे वाचते. मेलेला तुकडा वाट अडवून बसतो म्हणून डिस्क फिरत नाही. त्याने तो चिमट्याने काढून टाकला आणि डिस्क फिरू लागली. दुसरीच्या बाबतीत हा उपाय चालला नाही. एक वाचली, एक गेली. तिथेच बसून सगळे गाणे तिसऱ्या, नव्या डिस्कवर उतरवले. ती मी बेळगावला घेऊन आलो. माझ्या कपाटात, कुठलीही वायर न लावता, धोतरांच्या घडीखाली आहे.

मी आणखी तीन दिवस राहिलो. भाच्याला कपाटाची मागची बाजू पहिल्यापासून करायची होती आणि मला बॅटरी धरून उभे राहण्याचे काम मिळाले.

त्याने आधी सगळ्या ठोकळ्यांवरची अक्षरे वहीत उतरवली. तेव्हा लक्षात आले की कपाटात २३० व्होल्ट कुणालाच नको होते! चार जणांना १२ हवे, दोघांना ५. आता आमच्या विजेचा प्रवास बघा. खांबावरून आलेली उलटसुलट फिरणारी वीज इन्व्हर्टर सरळ करून १२ व्होल्टच्या बॅटरीत भरतो. लाईट गेली की त्याच १२ व्होल्टचे पुन्हा २३० करतो. ते २३० घेऊन नऊ ठोकळे पुन्हा १२ करतात. म्हणजे साखळीहून डिचोलीला जायला बेळगावमार्गे जाण्यासारखे. प्रत्येक वळणावर दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते, आणि घरात काही चालू नसताना इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळे.

मग २३० ठेवतातच कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून मला येते. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीज विकायला सुरुवात केली ती सरळ वाहणारी, सुमारे ११० व्होल्टची होती. ती फार लांब जाईना. कमी व्होल्ट म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त प्रवाह, आणि जास्त प्रवाह म्हणजे तारेतच नासाडी. याउलट आपल्या कर्नाटकात शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत, सुमारे दीडशे किलोमीटर नेली, ती हजारो व्होल्टचा दाब चढवून. लांबचा प्रवास मोठ्या दाबाने करावा आणि घराजवळ आल्यावर उतरवावा. वाद फक्त एवढाच, की कुठे उतरवावा.

कपाटात अंतर हातभर. तिथे १२ व्होल्ट चालतात. भाच्याने नऊ ठोकळ्यांच्या जागी एकच चांगला, बॅटरी भरण्यासाठीच बनवलेला पुरवठा आणला आणि कपाटासाठी वेगळी बॅटरी ठेवली. साधा कॅमेऱ्यांचा पुरवठा थेट बॅटरीला जोडू नये, बॅटरी रिकामी असली तर ती अधाशासारखा प्रवाह ओढते. मर्यादा घालणारा हवा. तिथून वायर गेली गाडीतल्यासारख्या फ्यूजच्या पेटीत. ही पेटी मोटारींच्या वायरिंगवाल्याकडे मिळाली. प्रत्येक डब्याला स्वतंत्र फ्यूज. पाच व्होल्टवाल्यांसाठी १२ चे ५ करणारी छोटी पाटी.

“पण बॅटरी तरी बाराची कुठे असते, मामा?” भाच्याने मीटर लावून दाखवले. भरताना साडेतेराच्या वर, उतरत उतरत अकराच्या खाली. राऊटर असले चढउतार सोसतो, डिस्क सोसत नाही. म्हणून साठवणीच्या डब्याआधी एक स्थिर १२ देणारा तुकडा बसला, आत काहीही येवो, बाहेर बाराच. आणि बॅटरी फार उतरली की सगळे तोडणारा एक रिले, नाहीतर बॅटरीच मरते. कॅमेऱ्यांना त्याने वेगळा रिले दिला, तो आधी तुटतो. पाहुणे आधी उठतात, घरचे शेवटी.

फ्यूजवर मी कुरकूर केली होती. बारा व्होल्टने कुणाला धक्का बसतो का? भाच्याने गॅरेजवाल्याचे उदाहरण दिले. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पान्हा आडवा पडला की तो लाल होतो. धक्का बसत नाही, घर जळते. शिवाय आपली नेहमीची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. सरळ वीज शून्यावर येतच नाही. भिंतीवरचे बटण तिला चालेलच असे नाही; त्यावर डीसीचा आकडा वेगळा लिहिलेला असेल तरच वापरावे.

फाटकावरचे दोन कॅमेरे हा निराळा किस्सा. दिवसा ठीक, रात्री दर दहा मिनिटांनी बंद पडून चालू होणारे. अक्काला वाटायचे, कुणीतरी छेडछाड करते. वायर तीस मीटर लांब आणि सुतळीसारखी बारीक. जाऊन-येऊन साडेतीन ओहमचा अडथळा. रात्री कॅमेऱ्यांचे न दिसणारे दिवे लागले की दोघे मिळून जवळजवळ एक अँपिअर ओढत. साडेतीन व्होल्ट वाटेतच संपत, फाटकापर्यंत पोचत जेमतेम साडेआठ. शिवनसमुद्रचाच प्रश्न, अंगणात. उपायही तोच, दाब चढवा. कॅमेरे बदलून नेटवर्कच्याच वायरीतून वीज घेणारे बसवले, ४८ व्होल्टच्या आसपास चालणारे. या पद्धतीचे प्रमाण २००३ मध्ये ठरले, आणि शंभर मीटरपर्यंत ती सुखाने चालते. चौपट दाब म्हणजे पावपट प्रवाह.

हे ४८ आकडे कुठून आले, ते तुम्ही सगळे जाणता, फक्त विसरला आहात. आपल्या काळ्या टेलिफोनला आठवा. गावभर अंधार असला तरी फोन लागायचा, कारण एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने मांडून ठेवलेले असत आणि तीच वीज तारेतून घरी येई. आज फायबर आली. काचेच्या तंतूतून उजेड येतो, वीज येत नाही, म्हणून लाईट गेली की फोनही मुका. मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि सहकाऱ्यांनी हेच ४८ व्होल्ट पंखे-दिव्यांसाठी सबंध घरात फिरवण्याची कल्पना मांडली, राजस्थानातल्या वीज न पोचलेल्या घरांत ती सौर पॅनेलवर चालवलीही, आणि २०१७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी मानक काढले. आमोण्याचे कपाट त्यापुढे खेळणेच, पण जात एकच.

शेवटी भाच्याने माझ्यासाठी एक काम ठेवले होते. प्रत्येक वायरीच्या पिनेला कागदी पट्टी, त्यावर व्होल्ट आणि मधला खिळा अधिक की उणे ते. मराठीत आणि कन्नडमध्येही लिहिले. अक्काच्या सासरी कन्नड वाचणारी ती एकटीच, तरीही. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या पिनांचे भोक आतून २.१ मिलीमीटर की २.५, हेही लिहिले. पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली असे नसते, हे मी आता शपथेवर सांगू शकतो. २३० व्होल्टच्या बाजूचे काम आणि अर्थिंग मात्र गावच्या वायरमनने केले. तिथे भाच्याला हात लावू दिला नाही.

जुना इन्व्हर्टर आता फक्त पंखे-दिव्यांना. कपाट पंचाहत्तर वॅट खाते, कॅमेरे तुटल्यावर त्याहून कमी, आणि साधारण तीन-चार तास निघतात.

परवा अक्काचा फोन आला. म्हणाली, चार वाजल्यापासून लाईट नाही, पंखा बंद, मिक्सर बंद, वाटण पाट्यावर वाटतेय, आणि भावोजींचे गाणे चालू आहे. मागून ऐकूही येत होते. मग तक्रार आली, “त्याला सांग, कॅमेरे आधी बंद करतो म्हणून. आजच कुंपणावरून कुणीतरी फणस नेला.”