पिशव्यांची पिशवी
रविवारी स्वयंपाकघराच्या दारामागची पिशव्यांची पिशवी फाटली. (जिच्या घरी अशी पिशवी नसेल, तिने आजचं सदर खुशाल सोडावं.) पसारा गोळा करता करता बायकोला म्हटलं, जपानात प्लॅस्टिक खाणारा जंतू सापडलाय, दोन-चार मागवू या? ‘आधी कोपरा आवरा,’ एवढंच उत्तर आलं. जंतू मात्र खरा आहे. इडिओनेला साकाएन्सिस. साकाईतल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ मिळालेला, २०१६ साली जगासमोर आलेला. पण जेवायला भारी सावकाश: बाटल्यांच्या पेट प्लॅस्टिकचा पातळसा पापुद्रा संपवायला सहा आठवडे! मग २०२२मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या मंडळींनी त्याचं पेट पचवणारं पेटेझ हे विकर संगणकातल्या एका मॉडेलपुढे ठेवलं. विकर म्हणजे अमिनो आम्लांची गुंडाळलेली माळ. निसर्गातल्या हजारो माळा पाहून शिकलेलं ते मॉडेल एकेक मणी तपासून सांगतं, इथे हा शोभत नाही, तो ओवा. नव्या माळेत पाच मणी बदललेले, त्यातले तीन त्याने सुचवलेले. आणि ५० अंशांवर पेटचे डबे आठवड्यात जवळजवळ फस्त. मला कौतुक जंतूपेक्षा या सुचवणाऱ्याचंच. एरवी माळा ओवून बघण्यात प्रयोगशाळेच्या पिढ्या खपल्या असत्या. फक्त एक गोष्ट बायकोला अजून सांगितलेली नाही: हे विकर पेटमधला एस्टरचा सांधा तोडतं, आणि आमच्या दारामागच्या पॉलिथिनला तसला सांधाच नसतो. कोपरा मीच आवरला.